बारा तासांची अमेरिका

मित्रांनो, मी जुना पृथ्वीगोल आहे आणि माझ्या अंगावरचा सर्वांत मोठा देश माझ्या जन्माआधीच मेलेला होता. उत्तरेकडच्या एका शहरात शालोपयोगी वस्तूंचा कारखाना आहे. तिथे १९९२ साली मला घडवले. पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल साच्यात दाबून वाळवले, विषुववृत्तावर एकमेकांना चिकटवले आणि त्यांवर नकाशाच्या निमुळत्या पाकळ्या डकवल्या. सोव्हिएत संघ विसर्जित होऊन तेव्हा काही महिने लोटले होते. परंतु जुन्या पाकळ्यांचे गठ्ठे गोदामात शिल्लक होते आणि मालकाच्या मते इतिहासापेक्षा कागद महाग होता. त्यामुळे तो गुलाबी देश माझ्या माथ्यावर आजही सुखाने नांदतो. ज्ञान बाजारात कोणत्या अवस्थेत पोहोचते, याचा हा मला मिळालेला पहिला धडा.

मला एका कललेल्या दांडीवर बसवले आहे. हा कल कारागिराच्या हलगर्जीपणाचा नव्हे. पृथ्वीच कललेली आहे. तरीही मला प्रथम पाहणारा प्रत्येक गृहस्थ मला सरळ करू पाहतो. शिवाय मी फिरण्यासाठी घडलो आहे. स्थिर पृथ्वीगोल हा निव्वळ एक महागडा चेंडू असतो. मला स्वस्थता मानवत नाही, आणि माझ्या आयुष्याचा बहुतेक भाग मला स्वस्थ बसवण्यात आले, हे आधीच सांगितलेले बरे.

माजलगावला मी बक्षीस म्हणून आलो. कनिष्ठ महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा होती, विषय होता 'जगासाठी उघडलेली दारे'. देशाने परदेशी मालासाठी आपला बाजार नुकताच खुला केला होता, आणि त्या वर्षी प्रत्येक भाषणात दारेच उघडत होती. सभागृहाचे मात्र एकच दार उघडे होते. दुसऱ्याची किल्ली शिपायाजवळ होती आणि शिपाई लग्नाला गेला होता. स्पर्धेत पहिली आली प्रणिता, धोंडप्पा आडत्यांची एकुलती एक मुलगी. मला तिच्या हाती सोपवले विठ्ठलरावांनी. हे विठ्ठलराव पाटील म्हणजे मोठे बागायतदार, एका साखर कारखान्याचे संचालक आणि धोंडप्पांचे जुने स्नेही. त्यांनी व्यासपीठावर मला एका बोटाने फिरवले, माझ्यावर माजलगाव शोधले, ते सापडले नाही तेव्हा दोष माझाच आहे अशा मुद्रेने मला खाली ठेवले आणि "जग लई मोठं हाय" एवढे सांगून ते टाळ्यांच्या गजरात बसले.

धोंडप्पांची आडत मोंढ्यात, धान्याच्या बाजारात होती. पुढे दुकान आणि मागे घर. ज्वारी, तूर, हरभरा, मिरचीची पोती इथे येत आणि ट्रकने हैदराबादला, पुण्याला जात. दुकानातल्या लोखंडी कपाटावर मला जागा मिळाली. सुरुवातीला प्रणिता मला रोज खाली काढी, नद्यांवरून बोट फिरवी, दिवा धरून माझ्यावर दिवस आणि रात्र पाडी. ते माझे सुखाचे दिवस. पुढे ती शेतकीच्या शिक्षणासाठी परभणीला गेली आणि माझ्यावर प्लास्टिकचे आवरण चढले. गिऱ्हाइके मला पाहून पोरगी हुशार असल्याचे सांगत. खंडेनवमीला तराजू, टेलिफोन आणि मी, अशी आम्हा तिघांची पूजा होई. घर लिंगायतांचे; प्रणिताची आई शिवकांताबाई आवरणावरूनच तीन बोटांनी माझ्यावर भस्माचे आडवे पट्टे ओढी आणि आफ्रिका खंड एका क्षणात शैव होई. वर्षातून एकदा माझी पूजा झाली. वर्षातून एकदाही मला कोणी काही विचारले नाही. विद्येचा मान राखण्याची आपल्याकडची ही सर्वमान्य रीत आहे. तिला गंध लावावे आणि उंचावर ठेवावे, म्हणजे ती मध्ये मध्ये बोलत नाही.

सत्त्याण्णव साली प्रणिताला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. मातीचा अभ्यास करायचा होता. माती इथेही मुबलक आहे, असे आठ दिवस धोंडप्पा म्हणत राहिले. त्यांची खरी अडचण निराळी होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

लिंगायतांत मृताला आडवे ठेवत नाहीत. स्नान घालून, भस्म लावून, भिंतीशी टेकवून बसवतात. हाती त्याचे गळ्यातले इष्टलिंग देतात. भजन चालते आणि बसलेल्या स्थितीतच त्याला भूमीत ठेवतात. धोंडप्पांच्या घराण्यात याला आणखी एका नियमाची जोड होती: कपाळावरचे अखेरचे भस्म थोरल्या अपत्याच्या हातचे. धोंडप्पांना अपत्यच एक होते.

"शिक, खुशाल शिक," त्यांनी एका सकाळी दुकानात प्रणिताला सांगितले. "पण माझ्या कपाळाला भस्म तूच लावायचं, संगमेशनं न्हाई. मला बसवल्यावर तू येऊन पोचशील एवढ्याच अंतरावर जा. त्याच्या पल्याड जायचं न्हाई."

संगमेश हा त्यांचा पुतण्या. आडतीचे काम तोच पाही. त्याने मला कपाटावरून उतरवले. चार वर्षांनंतर माझे आवरण निघाले. पोत्यांची तोंडे शिवायची सुतळी धोंडप्पांनी माझ्या अंगावर मुंबईपासून शिकागोपर्यंत ताणून धरली, मग ती माझ्या तळाशी छापलेल्या प्रमाणपट्टीला लावली. अंतर सुमारे तेरा हजार किलोमीटर निघाले, आणि ते बरोबर होते. मित्रांनो, माझ्या सेवाकाळातला हा एकमेव अभिमानाचा क्षण आहे, आणि तो फार टिकला नाही.

कारण तेवढ्यात विमानाचे तिकीट आले. आयुष्यभर ट्रकच्या बिल्ट्या वाचलेला मनुष्य प्रत्येक कागद बिल्टीसारखाच वाचतो: माल कधी निघाला, कधी पोचला, मधले वजा करा. धोंडप्पांनी चष्मा लावला. मुंबईहून रात्री दोनला प्रस्थान. शिकागोला त्याच तारखेस दुपारी दोनला आगमन. त्यांनी तिकीट पुन्हा वाचले आणि आठ दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"बारा तास," ते म्हणाले.

विठ्ठलराव समोरच्या गादीवर होते. "बारा तास आमचा उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेतच उभा असतो. तेवढ्यात पोरगी अमेरिकेत."

संगमेशने दबकत विचारले की तेरा हजार किलोमीटर बारा तासांत कसे व्हावे. ही शंका रास्त होती. केवळ एक भागाकार तिला पुरला असता. विठ्ठलरावांनी तो भागाकार अनावश्यक ठरवला.

"विमान हाय बे ते, टेम्पो न्हाई."

बिल्टीच्या दोन्ही टोकांना घड्याळ एकच असते. तिकिटावर मात्र प्रत्येक विमानतळ आपापल्या सूर्याप्रमाणे वेळ सांगतो. मुंबईत दोन वाजतात तेव्हा शिकागोत आदल्या दिवसाची दुपार चालू असते; म्हणजे त्या प्रवासाला बावीस-तेवीस तास लागतात आणि त्यातले दहा घड्याळाच्या आड लपून राहतात. हे त्या खोलीत दोघांना माहीत होते. एक मी. मला वाचा नाही. दुसरी प्रणिता.

"अप्पा, तिकडचं घड्याळ," ती म्हणाली. तिचा हात माझ्यावर होता. तिने मला थोडे फिरवलेही. मला वाटले, आता ही दिवा मागवील. परंतु धोंडप्पा तोवर पुढचा हिशेब करून मोकळे झाले होते: बारा तास विमानाचे, मुंबईहून एका रात्रीची सडक, म्हणजे एका दिवसरात्रीत मुलगी दारात. "जा," ते म्हणाले. तिची बोटे माझ्यावर थांबली. मग तिने हात काढून घेतला आणि वाकून त्यांच्या पायाला लावला. अज्ञानाने बोललेल्या असत्याचा मला तिटकारा आहे. ज्ञानाने पाळलेल्या मौनाविषयी काय वाटावे, याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही.

ती गेली. मी कपाटावर परतलो. आवरण या वेळी कोणी चढवले नाही, त्यामुळे मिरचीची धूळ युरोपावर बसू लागली. मोंढ्यात अमेरिका बारा तासांची झाली. धोंडप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला ते अंतर अशा थाटात सांगत की जणू ते त्यांनी स्वतः घासाघीस करून कमी करून घेतले होते. हमालही एखादा ट्रक उशिरा आला की म्हणत, एवढ्यात धोंडप्पांची पोरगी येऊन गेली असती. असत्याला एकदा विनोदाचे रूप मिळाले की त्याला पुराव्याची गरज उरत नाही.

नव्याण्णवच्या जानेवारीत, एका सोमवारी पहाटे, धोंडप्पा छातीत कळ येऊन गेले. दुकानाच्या फोनवरून परदेशी लागत नसे, म्हणून संगमेशने बाजारातल्या टेलिफोन बूथवरून अमेरिकेला कळवले आणि उजाडता उजाडता प्रणिताचा उलट फोन दुकानात आला. तो विठ्ठलरावांनी उचलला, कारण अशा प्रसंगी फोन उचलणारी माणसे ठरलेली असतात. तीन तासांनी विमान आहे, जागा मिळाली आहे, मुंबईहून गाडी करून येते, असे तिने सांगितले. आणखी एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. पोहोचायला उद्याची संध्याकाळ होईल, तोवर थांबा.

विठ्ठलरावांनी फोन ठेवला आणि जमलेल्यांना तिच्या निरोपाआधी आपला हिशेब सांगितला. नऊला विमान सुटणार, त्यात बारा मिळवले की रात्री नऊला मुंबई. रात्रभर गाडी, की सकाळी मुलगी हजर. ती संध्याकाळ म्हणाली खरी, पण पोर घाबरलेली आहे, तिचे ध्यान कुठे ठिकाणावर असणार. जिने ते अंतर स्वतः कापले होते तिच्यापेक्षा, ज्याने ते गादीवर बसून मोजले होते त्याच्यावर सर्वांचा विश्वास बसला. यात मला आश्चर्य वाटले नाही.

धोंडप्पांना दुकानातल्याच भिंतीशी बसवले, माझ्या अगदी समोर. दिवसभर आणि रात्रभर भजन चालले. मंगळवारी सकाळ झाली. प्रत्येक गाडीच्या आवाजाला बायका दाराकडे जात, परत येत. शिवकांताबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी भस्माची वाटी मांडीवर धरून ठेवली होती आणि नजर रस्त्यावर. आठ वाजले, नऊ झाले, दहा झाले. भजनकऱ्यांचे आवाज बसले. खड्डा आदल्या दिवसापासून खणून तयार होता. विधी सांगायला आलेल्या स्वामींना दुसऱ्या गावी जायचे होते. विठ्ठलराव घड्याळ पाहत. त्यांच्या कारखान्यात दुपारी सभा होती, पण तो विषय त्यांनी काढला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

मग कुजबुज सुरू झाली. विमान तर रात्रीच आले असणार. मग मुलगी राहिली कुठे? संध्याकाळ म्हणाली होती, म्हणजे आधीच ठरवले असेल कुठे थांबायचे ते. मैत्रिणीकडे, की आणखी कोणाकडे. छबुबाई नावाच्या शेजारीण होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरून सांगितले की तिकडे गेलेल्यांना आंघोळ केल्याशिवाय दुःखसुद्धा करता येत नाही. बायकांनी माना डोलावल्या.

दहा तास. जे दहा तास पृथ्वीने घेतले होते, ते मोंढ्याने प्रणिताच्या चारित्र्यातून वजा केले. तेव्हा मी त्याच खोलीत होतो. फक्त एकाने मला खाली काढावे, उजेडात धरावे, अर्धा वळसा द्यावा, एवढेच पुरे होते. खोलीत पदवीधर पाच-सहा होते.

दुपारी बाराला संगमेशने काकांच्या कपाळाला भस्म लावले. धोंडप्पांना घेऊन गेले.

प्रणिता आली तेव्हा दिवेलागण झाली होती. फोनवर तिने जी वेळ सांगितली होती, नेमकी तीच. भिंतीशी रिकामी जागा पाहून ती चौकटीतच थांबली. लोकांनी तिच्यासाठी वाट तेवढी करून दिली. गर्दीतून वाट मिळणे हा नेहमीच मान नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन दुकानाच्या उंबऱ्यावरून आत आले. सांत्वनाची माणसे यायची होती. मायलेकी दोघीच होत्या. शिवकांताबाईंनी मुलीकडे न पाहता विचारले,

"कुठं थांबली होतीस?"

"कुठंच न्हाई, अव्वा."

"बारा तासांची वाट. मग संध्याकाळ कावून म्हणालीस?"

मित्रांनो, तिची कोंडी नीट ध्यानात घ्या. निर्दोष ठरण्यासाठी मी हा एकच साक्षीदार तिला होता, आणि तो बोलू लागला की पहिली गोष्ट तिच्याच विरुद्ध सांगणार होता. "विमान उशिरा आलं" एवढे म्हणून तिला सुटता आले असते. आईने ते मानलेही असते.

तिने स्टूल ओढले आणि मला खाली घेतले. पदराने नव्हे, ओढणीने माझ्यावरची मिरची पुसली. तिला शिंक आली. मग तिने मला उन्हात ठेवले, आईचे बोट धरून माजलगावच्या जागी टेकवले आणि दुसरे बोट शिकागोवर. आपल्याकडे ऊन असते तेव्हा तिकडचे बोट सावलीत असते, हे शिवकांताबाईंनी स्वतःच्या हाताने पाहिले. प्रणिता मला सावकाश फिरवीत सांगत गेली. पश्चिमेला जाणारे विमान सूर्यामागे पळते, म्हणून घड्याळ मागे राहते आणि प्रवास लहान दिसतो. माणूस मात्र तेवढाच वेळ बसून राहतो. जाताना बावीस तासांवर लागले. येतानाही तेवढेच. पुढे दिवसभराची सडक. मध्ये ती विमान बदलायला उतरली तेवढीच. तिथे बाकावर बसून होती.

शिवकांताबाईंनी बोट काढले नाही. त्या हिशेबी घरात नांदल्या होत्या. आठवायला त्यांना वेळ लागला नाही.

"म्हंजे तिकीट आलं तवाच तुला ठावं होतं."

"होतं."

"अप्पाला बोलली न्हाईस."

"बोलले असते तर पाठवलं असतं का त्यांनी?"

हा प्रश्न बाईंनी सांत्वनासाठी नव्हे, उत्तरासाठी घेतला. तेवढ्यासाठी मी त्यांना आजन्म मान देईन.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई पाठवलं असतं." आणि पुढे, "आन् खरं अंतर ठावं असतं, तर लोकांनी तुझी वाट संध्याकाळपर्यंत बघितली असती."

प्रणिता रडली ती तेव्हा. आईने तिला जवळ घेतले नाही, दूरही लोटले नाही. बोट जिथे होते तिथेच ठेवून त्या बसून राहिल्या.

दहाच्या सुमाराला विठ्ठलराव आले, मागोमाग संगमेश आणि मोंढ्यातली चार माणसे. विठ्ठलरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले की झाले ते झाले, लेकरू आहे, प्रवासात इकडे-तिकडे होतेच, आता कोणी मनात ठेवू नये.

"पाटील," शिवकांताबाई म्हणाल्या, "माझी पोर कुठं थांबली न्हाई. थांबायचं तुमाला होतं."

मग त्यांनी मला माझ्या पायाला धरून दोन्ही हातांनी उचलले आणि प्रणिताच्या पुढ्यात ठेवले.

"आता मी मेल्यावर तुला यायला किती वेळ लागंल ते सांग. या समद्यांच्या म्होरं. फोन लागण्यापासून या उंबऱ्यापर्यंत. खरा सांग, कमी करू नको."

प्रणिताने डोळे पुसले. विमान मिळायला लागणारा वेळ, चुकले तर दुसऱ्याची वाट, उतरून थांबणे, सडक, पावसाळा असला तर गोदावरीवरचा पूल. तिने सगळे धरले.

"तीन दिवस, अव्वा."

विठ्ठलराव हलकेच म्हणाले की वहिनी, तीन दिवस बसवून ठेवत नाहीत.

"मग बर्फ आणा," शिवकांताबाई म्हणाल्या. "बर्फात मासे टिकतात, बाई टिकंल." त्यांनी संगमेशकडे पाहिले. "तीन दिवस. काकाच्या येळंला भस्म तू लावलंस, तुझा काय दोष न्हाई. माझ्या येळंला हिनं लावायचं. कुणी हिशेब करून दाखवला तर त्याला पाणी द्यायचं आन् वाटंला लावायचं."

संगमेशने मान हलवली. विठ्ठलरावांनी टोपी घातली. ती उलटी बसली होती, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते.

मित्रांनो, मला वाचवा, जपा, पुसून ठेवा, अशी याचना माझ्यासारख्या वस्तू शेवटी करतात. मी ती करणार नाही. माझ्यावर धूळ बसली तर माझे काही बिघडत नाही. मी पुठ्ठ्याचा आहे. माझी मागणी एवढीच आहे की तुमच्या घरात एखादा पृथ्वीगोल, एखादा शब्दकोश, एखादी शिकलेली मुलगी असेल, तर तिची पूजा करू नका. तिला विचारा. आणि ती सांगेल ते तुमच्या हिशेबात बसले नाही, तर आधी हिशेब मोडा. दूर गेलेल्या माणसाचे अंतर जेवढे आहे तेवढेच धरणे, ही त्या माणसाची घेता येण्याजोगी सर्वांत मोठी काळजी आहे.

मी आता कपाटावर नसतो. शिवकांताबाईंच्या गादीजवळ, त्यांच्या हाताच्या टप्प्यात असतो. संध्याकाळी त्या मला फिरवतात, शिकागोवर बोट ठेवतात आणि तिकडे आता उजाडत असेल, असे जो कोणी समोर असेल त्याला सांगतात. बहुधा समोर कोणी नसते. तरीही त्या सांगतात, आणि ते बरोबर असते.